पत्र मेकॅनिकला, पत्र मालकाला

मे २०२४च्या अखेरीस टोयोटा कंपनीने अमेरिकेत सुमारे १ लाख २ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. थोड्या लेक्सस सोडल्या तर हे सगळे टुंड्रा नावाचे पिकअप ट्रक होते. मॉडेल वर्ष २०२२ आणि २०२३, म्हणजे जेमतेम दोन वर्षे वापरलेले. कारखान्यात इंजिनाचे भाग यंत्रावर कापताना धातूचा चुरा उडतो. काही इंजिनांमधून तो पूर्ण साफ झालाच नव्हता. हा चुरा क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगपर्यंत पोचला की बेअरिंग खराब होते, इंजिन ठोके देऊ लागते आणि एखाद्या दिवशी भर वेगात बंद पडते. जुलैमध्ये कंपनीने जाहीर केले की एखादा भाग बदलून भागणार नाही, या गाड्यांना नवे इंजिनच बसवून देऊ, आणि मालकाला त्याचा एक पैसाही पडणार नाही.

या बातमीतला एक तपशील मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिला. तेच इंजिन आणि जोडीला विजेची मोटर अशी टुंड्राची हायब्रिड आवृत्तीही बाजारात होती, आणि ती या रिकॉलमधून वगळली होती. कंपनीचे म्हणणे असे, की हायब्रिडचे इंजिन बंद पडले तरी मोटरच्या जोरावर गाडी थोडी पुढे जाते आणि चालकाला ती रस्त्याच्या कडेला घेता येते. इंजिन दोन्हीकडे सारखेच खराब होऊ शकते, पण जिवाला असलेला धोका सारखा नाही. रिकॉलचा कायदा धोका बघतो, मालकाच्या खिशाला बसणारी झळ बघत नाही. हायब्रिड घेतलेल्यांना याचा राग आला आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही नव्या ट्रकच्या मालकाला कंपनीकडून निघणारे कागद वाचायला शिकायचे असेल, तर हा फरक आधी समजून घ्यावा लागतो.

अमेरिकेत ट्रक म्हणजे केवळ मालवाहतुकीचे वाहन नव्हे. फोर्डची एफ-सिरीज चाळीसहून अधिक वर्षे तिथे सर्वाधिक खपणाऱ्या वाहनांत अग्रभागी आहे. सुतार, प्लंबर, शेतकरी तर ती घेतातच, पण रोज ऑफिसला जाणारा माणूसही घेतो. टेक्सासात किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हे वाहन आता परके राहिलेले नाही. गाडी नवी असते, हप्ते सुरू असतात आणि तीन महिन्यांत गिअर बदलताना धक्का बसू लागतो. शोरूममधला माणूस सांगतो, ‘यावर एक बुलेटिन आलेले आहे.’ शेजारी सांगतो, ‘माझ्याकडे तर रिकॉलचे पत्र आले.’ दोघेही कंपनीच्याच कागदांबद्दल बोलत असतात. पण एका कागदामागे कायद्याचा हक्क उभा असतो आणि दुसऱ्यामागे तसा हक्क नसतो.

रिकॉल हे मालकाला लिहिलेले पत्र आहे, आणि ते लिहायला कंपनी बांधील असते. याची मुळे १९६६ सालच्या वाहन सुरक्षा कायद्यात आहेत. त्याच्या आदल्या वर्षी राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आले होते आणि मोटार कंपन्या सुरक्षिततेकडे किती दुर्लक्ष करतात यावरून देशभर वादळ उठले होते. कायद्याची अंमलबजावणी पुढे नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी यंत्रणेकडे आली. तिला सगळे तिच्या आद्याक्षरांवरून ‘निट्सा’ म्हणतात. आपल्या गाडीत सुरक्षेशी संबंधित दोष आहे असे कंपनीने ठरवले, की पाच कामकाजाच्या दिवसांत निट्साला कळवावे लागते. त्यानंतर ६० दिवसांच्या आत प्रत्येक नोंदणीकृत मालकाला टपालाने पत्र जावे लागते. सुटे भाग तयार नसले तरी पत्र थांबवता येत नाही. दोष सांगणारे एक पत्र आधी जाते आणि दुरुस्तीची सोय झाली की दुसरे. जाहिरातींच्या गठ्ठ्यात हे पत्र हरवू नये म्हणून लिफाफ्यावर महत्त्वाचा सुरक्षा रिकॉल असल्याचा ठळक शिक्का असतो.

या पत्रामागचा हक्क मजबूत आहे. कंपनीने गाडी दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी किंवा घसारा वजा करून पैसे परत करावेत. गाडी पहिल्यांदा विकली गेली तेव्हापासून पंधरा वर्षांपर्यंत हे काम मोफत होते. वॉरंटी संपली आहे का, गाडी कितव्या मालकाकडे आहे, तेल वेळेवर बदलले होते का, यातले काहीही विचारता येत नाही. प्रत्येक रिकॉलला क्रमांक असतो आणि तो वाचायला सोपा असतो. टुंड्राच्या इंजिनाचा क्रमांक २४व्ही३८१. आधीचा आकडा वर्षाचा, ‘व्ही’ वाहनाचा, नंतरचा त्या वर्षातल्या अनुक्रमाचा. टायरसाठी ‘टी’ असतो आणि लहान मुलांच्या आसनासाठी ‘सी’.

टेक्निकल सर्व्हिस बुलेटिनचे तसे नाही. ते मेकॅनिकला लिहिलेले पत्र आहे. हजारो डीलरांकडे गाड्या येत असतात आणि त्यांत एकाच तऱ्हेची तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. कंपनीचे इंजिनिअर ती समजून घेतात, उपाय शोधतात आणि सगळ्या सर्व्हिस सेंटरना कळवतात, म्हणजे प्रत्येक मेकॅनिकला पहिल्यापासून शोधाशोध करावी लागत नाही. वर क्रमांक आणि तारीख, खाली कोणत्या मॉडेलला आणि कोणत्या काळात बनलेल्या गाड्यांना लागू ते, मग लक्षण, मग कारण, मग दुरुस्तीच्या पायऱ्या, लागणाऱ्या भागांचे क्रमांक, आणि शेवटी कामाचा सांकेतिक क्रमांक व त्यासाठी मंजूर वेळ.

ही शेवटची ओळ मालकाने मुद्दाम पाहावी. अमेरिकेतल्या बहुतेक डीलरांकडे मेकॅनिकला प्रत्यक्ष लागलेल्या तासांचे नव्हे, तर कामाला ठरवून दिलेल्या तासांचे पैसे मिळतात. वॉरंटीतल्या कामाला कंपनी जो वेळ मंजूर करते तो अनेकदा तोकडा असतो. बुलेटिनमध्ये सहा दशांश तास लिहिला असेल आणि काम सव्वा तास चालले, तर वरच्या वेळेचे नुकसान मेकॅनिकच्या अंगावर पडते. ‘आम्हाला तरी काही आवाज आला नाही’ हे उत्तर सर्व्हिस सेंटरमध्ये इतके सहज का मिळते, त्याचे एक कारण या व्यवस्थेत आहे. सगळे मेकॅनिक टाळाटाळ करतात असे मुळीच नाही. मात्र हाताला कमी पैसे देणाऱ्या कामासाठी कोणी स्वतःहून पुढे येईल, अशी अपेक्षा मालकाने ठेवू नये.

बुलेटिन निघाले म्हणून दुरुस्ती फुकट होत नाही. गाडी वॉरंटीत असेल आणि लक्षण मेकॅनिकला प्रत्यक्ष दिसले, तर कंपनी पैसे देते. वॉरंटी संपली असेल तर तेच बुलेटिन, तीच दुरुस्ती, पण बिल मालकाच्या नावावर. अमेरिकेत फोर्ड, टोयोटा आणि जनरल मोटर्स यांच्या नव्या पिकअपवर साधारणपणे तीन वर्षे किंवा ३६ हजार मैल पूर्ण गाडीची, आणि पाच वर्षे किंवा ६० हजार मैल इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी असते. त्यामुळे तक्रार नेमकी कोणत्या तारखेला कागदावर आली, याला फार महत्त्व येते. ३५ हजार मैलांवर सांगितलेली खडखड आणि ३७ हजार मैलांवर सांगितलेली तीच खडखड यांत शेकडो, कधी हजारो डॉलरचा फरक पडू शकतो.

या दोहोंच्या मध्ये तिसरा प्रकार आहे. कंपनी दोष मान्य करते, पण तो सुरक्षेचा दोष आहे असे मानत नाही, आणि ग्राहक दुरावू नये म्हणून स्वतःहून वॉरंटी वाढवून देते. २०१७ ते २०२० या मॉडेलच्या फोर्ड एफ-१५०मधील साडेतीन लिटरचे टर्बो इंजिन थंड असताना सुरू केले, की काही गाड्यांत दोन-तीन सेकंद खडखडाट होई. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारा कॅम फेझर हा भाग त्याला कारण होता. आधी यावर बुलेटिन निघाली, मग २०२१मध्ये कंपनीने खास योजना काढली. तिला अटी होत्या आणि मुदतही होती. ती चुकली की हक्क संपला.

टोयोटाच्या टॅकोमा ट्रकची गोष्ट याहून मोठी आहे. १९९५ ते २००० या मॉडेलच्या चासीला इतका गंज चढला, की लोखंडाला भोके पडू लागली. २००८ साली कंपनीने या चासींची वॉरंटी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली, आणि ज्यांची चासी दुरुस्तीपलीकडे गेली होती ते ट्रक बाजारभावाच्या दीडपट दराने विकत घेतले. ही योजना कंपनीने स्वतःहून आणली होती. योजना उदार होती हे मान्य करायलाच हवे, पण ती किती काळ आणि कोणाकोणाला द्यायची हे कंपनीच्याच हातात होते.

दोष कोणत्या कागदावर लिहायचा हे कोणी ठरवायचे, हा या साऱ्या विषयाच्या गाभ्याचा प्रश्न आहे. पहिला निर्णय कंपनी घेते. तो चुकीचा घेतला गेला तर काय होते, ते जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचने दाखवून दिले. उदाहरण ट्रकचे नाही, शेव्हरोले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन या छोट्या मोटारींचे आहे. पण बुलेटिन आणि रिकॉल यांतले अंतर किती जीवघेणे ठरू शकते, हे सांगणारे याच्याइतके स्वच्छ दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

या गाड्यांचा स्विच फिरायला फारच हलका होता. किल्लीला जड जुडगा अडकवलेला असेल किंवा चालकाचा गुडघा लागला, तर चालत्या गाडीत किल्ली मागे सरकायची. इंजिन बंद व्हायचे, स्टिअरिंग जड व्हायचे आणि एअरबॅगचा पुरवठाही तुटायचा. डिसेंबर २००५मध्ये कंपनीने यावर डीलरांना बुलेटिन पाठवले. ग्राहकाला जुडग्यातल्या अनावश्यक वस्तू काढायला सांगा, आणि किल्लीच्या लांब खाचेत बसवायचा एक छोटा तुकडा द्या, म्हणजे खाचेऐवजी बारीक भोक राहील आणि जुडगा हेलकावणार नाही. बस, एवढेच. कंपनीच्या नोंदींप्रमाणे हा तुकडा मिळाला तो फक्त ४७४ ग्राहकांना, जे स्वतः तक्रार घेऊन आले होते. बाकीच्यांना पत्र गेले नाही, कारण बुलेटिन मालकाला पाठवायचेच नसते.

पुढे कंपनीने नेमलेल्या अँटन वालुकस या वकिलांचा अहवाल जून २०१४मध्ये बाहेर आला. त्यातून कळले की गाडी ‘बंद पडते’ असे सांगणारा शब्द बुलेटिनमध्ये मुद्दाम टाळला होता, कारण त्या शब्दाने सरकारी यंत्रणेचे लक्ष वेधले जाईल अशी भीती होती. परिणामी एखादा ग्राहक ‘गाडी रस्त्यात बंद पडली’ म्हणत डीलरकडे आला आणि मेकॅनिकने तेच शब्द टाकून शोध घेतला, तरी हे बुलेटिन त्याच्या हाती लागणे अवघड होते. रिकॉल निघाला फेब्रुवारी २०१४मध्ये, बुलेटिननंतर आठ वर्षांनी. तो वाढत वाढत जवळपास २६ लाख गाड्यांपर्यंत गेला. नुकसानभरपाईसाठी स्थापन झालेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीला निट्साचा साडेतीन कोटी डॉलरचा दंड झाला आणि २०१५मध्ये फौजदारी प्रकरण मिटवताना ९० कोटी डॉलर भरावे लागले.

कागदाचे नाव बदलून जबाबदारी हलकी करण्याचा प्रकार त्याआधीही घडला होता. फोर्डच्या एक्सप्लोरर या गाडीचे फायरस्टोन टायर चालत्या गाडीत सोलून निघत आणि गाडी उलटत असे. एक्सप्लोररचा पाया फोर्डच्याच रेंजर पिकअपवरून घेतलेला होता. सौदी अरेबियातल्या उन्हात हे अपघात दिसू लागल्यावर १९९९मध्ये फोर्डने तिथले टायर बदलून दिले, पण त्याला रिकॉल म्हटले नाही, ग्राहकांना सूचना देण्याची मोहीम म्हटले. अमेरिकेत फायरस्टोनचा रिकॉल आला ऑगस्ट २०००मध्ये. तोपर्यंत तिथल्या मालकांना परदेशात काय चालले आहे याची कल्पना नव्हती. निट्साच्या नोंदीत या टायरांशी जोडलेले २७१ मृत्यू आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा कायदा आला. परदेशात अशी मोहीम राबवली तर तीही अमेरिकी सरकारला कळवणे कंपन्यांवर बंधनकारक झाले, आणि मृत्यू, दुखापती, वॉरंटीचे दावे यांची आकडेवारी नियमितपणे देणेही.

बुलेटिन सर्वसामान्यांसाठी उघडी होण्याची हकिकत याला जोडूनच येते. कंपन्या बुलेटिनच्या प्रती निट्साकडे पूर्वीपासून पाठवत असत, पण लोकांसमोर बहुतेक वेळा त्यांचे सारांशच येत. २०१२च्या परिवहन कायद्यात संसदेने हा सारा पत्रव्यवहार इंटरनेटवर ठेवण्याची अट घातली आणि २०१६पासून निट्साने तो मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. आज कोणीही निट्साच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष टाकले, की एकाच ठिकाणी चार गोष्टी दिसतात: इतर मालकांच्या तक्रारी, चालू चौकशा, रिकॉल आणि कंपनीने डीलरांना लिहिलेली पत्रे. मेकॅनिकसाठी लिहिलेले पत्र आता मालकालाही उघडून वाचता येते. ग्राहकाच्या हातात आलेली ही ताकद फार मोठी आहे आणि तिचा पुरता वापर अजून होत नाही.

कागद वाचता आले तरी दुरुस्ती समाधानकारक असेलच असे नाही. जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाचे प्रकरण अगदी ताजे आहे. शेव्हरोले सिल्व्हेराडो, जीएमसी सिएरा हे पिकअप आणि टाहो, एस्कलेडसारख्या मोठ्या एसयूव्हींमध्ये हे इंजिन बसते. जानेवारी २०२५मध्ये निट्साने चौकशी उघडली तेव्हा तिच्या कक्षेत ८ लाख ७७ हजारांवर गाड्या होत्या. एप्रिलमध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्यांचा रिकॉल काढला, त्यांतल्या जवळपास ५ लाख ९८ हजार अमेरिकेत, २०२१ ते २०२४ या मॉडेलच्या. कनेक्टिंग रॉडमध्ये आणि क्रँकशाफ्टच्या तेलाच्या मार्गात गाळ राहिला होता, आणि काही क्रँकशाफ्टची मापे व पृष्ठभाग ठरलेल्या प्रमाणात नव्हते. कंपनीच्याच कागदपत्रांत अमेरिकेतल्या २८ हजारांहून अधिक तक्रारींची नोंद आहे. त्यांतल्या निम्म्याहून जास्त प्रकरणांत गाडीची ओढच गेली होती. कंपनीने याआधी या प्रश्नाची अंतर्गत चौकशी करून ती बंदही केली होती, हेही त्याच कागदपत्रांत आहे.

दुरुस्ती अशी ठरली. प्रत्येक गाडी तपासायची. तपासणीत नापास झाली तर इंजिन दुरुस्त करायचे किंवा बदलायचे. पास झाली तर जाड तेल घालायचे, पूर्वीच्या ०डब्ल्यू-२०च्या जागी ०डब्ल्यू-४०, आणि त्याबरोबर नवा फिल्टर व तेलाचे नवे झाकण. कंपनीच्या अंदाजाने दोष खरोखर सुमारे तीन टक्के गाड्यांतच होता. उरलेल्या ९७ टक्क्यांना नवे इंजिन देणे तिला रास्त वाटले नाही. जाड तेलाचा थर बेअरिंगला अधिक आधार देतो, यात तथ्य आहे. पण ज्याने ७० हजार डॉलर मोजले त्याला आपली गाडी त्या तीन टक्क्यांत आहे की नाही, हे आजच्या तपासणीवरून कितपत कळते? ऑक्टोबर २०२५मध्ये, रिकॉलचे काम झालेल्या गाड्यांचीही इंजिने गेल्याच्या तक्रारी आल्यावर, निट्साने हा उपाय पुरेसा आहे का याची वेगळी चौकशी सुरू केली. टोयोटाने धातूच्या चुऱ्यासाठी पूर्ण इंजिन दिले आणि जनरल मोटर्सने बहुतेकांना तेल दिले. कायदा म्हणतो ‘दोष दूर करा’. तो कसा दूर करायचा याचा पहिला आराखडा कंपनीच मांडते.

रिकॉलचा आकडा मोठा म्हणजे गाडी वाईट, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. ऑक्टोबर २०२२मध्ये रिव्हियन या विजेच्या ट्रकांच्या नव्या कंपनीने १२ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. तोवर विकलेल्या जवळपास सगळ्याच त्यात आल्या. पुढच्या चाकाजवळचा एक बोल्ट पुरेसा घट्ट नसण्याची शक्यता होती, आणि कंपनीच्या अंदाजाने दोष प्रत्यक्ष एक टक्का गाड्यांत होता. सगळ्या गाड्या बोलावून प्रत्येक बोल्ट तपासणे, हेच तिथे योग्य होते. एप्रिल २०२४मध्ये टेस्लाने ३,८७८ सायबरट्रक परत बोलावले. अॅक्सिलरेटरच्या पॅडलवरची धातूची पट्टी सरकून आतल्या पॅनेलखाली अडकत होती आणि पॅडल दाबलेलेच राहण्याचा धोका होता. कारण अगदी साधे निघाले. पट्टी सहज बसावी म्हणून जोडणीच्या वेळी कोणीतरी साबण वापरला होता, आणि तो बदल मंजूर केलेला नव्हता. एका रिव्हेटने काम झाले.

गेल्या काही वर्षांत तर गाडी कुठेही न नेता रिकॉल पूर्ण होऊ लागले आहेत. फेब्रुवारी २०२४मध्ये टेस्लाने सुमारे २२ लाख गाड्यांचा रिकॉल काढला तो पडद्यावरच्या इशाऱ्यांची अक्षरे नियमापेक्षा लहान होती म्हणून. रातोरात इंटरनेटवरून सॉफ्टवेअर आले आणि अक्षरे मोठी झाली. अशा बदलाला रिकॉल म्हणू नये असे काही उत्पादक म्हणतात. पण दोष सुरक्षेचा असेल तर त्याची नोंद सरकारी दप्तरात व्हायलाच हवी, दुरुस्ती पान्याने होवो की सॉफ्टवेअरने. फोर्डने २०२५च्या पहिल्या सहा महिन्यांत ८८ रिकॉल काढले. एका पूर्ण वर्षातला आधीचा उच्चांक जनरल मोटर्सचा होता, २०१४मधला, ७७ रिकॉलचा. त्याआधी नोव्हेंबर २०२४मध्ये मागच्या कॅमेऱ्याचा रिकॉल उशिरा काढल्याबद्दल फोर्डवर साडेसोळा कोटी डॉलरच्या दंडाचा आदेश निघाला होता. आता आलेल्या रिकॉलच्या लोंढ्यात वाईट गुणवत्ता किती आणि उशिरा जागी झालेली दक्षता किती, हे वेगळे करून सांगणे सोपे नाही. दोन्ही आहेत, हे मात्र नक्की.

नवा ट्रक घेणाऱ्याने काय करायचे? पहिले काम चासी क्रमांकाचे. अमेरिकेत तो सतरा अक्षरांचा असतो. निट्साच्या संकेतस्थळावर तो टाकला, की त्याच गाडीवर कोणते रिकॉलचे काम बाकी आहे ते मोफत कळते. ही सोय २०१४पासून आहे. काम बाकी असलेली नवी गाडी डीलरने ग्राहकाला देऊ नये, असा कायदा आहे. जुन्या गाडीच्या विक्रीवर तशी केंद्रीय बंदी नाही, म्हणून जुनी गाडी घेताना ही तपासणी आपणच करायची. दुसरे काम सर्व्हिस सेंटरच्या कागदाचे. लक्षण स्वतःच्या शब्दांत, तारीख, मैल, हवामान आणि वेग यांसह लिहून घ्यावे. ‘गाडी आवाज करते’ यापेक्षा ‘सकाळी थंडीत सुरू केल्यावर पहिले तीन सेकंद उजव्या बाजूने खडखड’ हे वाक्य बुलेटिनच्या शोधात कितीतरी लवकर उपयोगी पडते. मोबाइलवर चित्रीकरण असेल तर उत्तम. मेकॅनिकला काही सापडले नाही तरी त्या भेटीचा कागद मागून घ्यावा. वॉरंटी संपल्यानंतर तोच पुरावा असतो. आणि गाडी रस्त्यात बंद पडली, ब्रेक लागला नाही, स्टिअरिंग अडकले असे काही झाले, तर शोरूमला सांगून थांबू नये. निट्साकडे तक्रार नोंदवावी, कारण यंत्रणेच्या चौकशा अशाच तक्रारींच्या ढिगातून उभ्या राहतात.

भारतात हा रस्ता अर्धाच बांधलेला आहे. जुलै २०१२मध्ये वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने स्वेच्छेने रिकॉलची आचारसंहिता आणली. कायदा आला तो २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीने. त्यातल्या कलम ११० अ नुसार केंद्र सरकार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. १ एप्रिल २०२१पासून लागू झालेल्या नियमांत दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू होतात. प्रत्यक्षात बहुतेक रिकॉल कंपन्या स्वतःहूनच काढतात. जुलै २०२१मध्ये महिंद्राने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या २९,८७८ पिकअप गाड्या फ्लुइड पाइप बदलण्यासाठी बोलावल्या. त्याच महिन्यात नाशिकच्या कारखान्यात बनलेल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या, कारण कारखान्यात आलेले इंधन दूषित असल्याने इंजिनाचे भाग खराब झाल्याची शंका होती. दोन्ही वेळा काम मोफत होते आणि कंपनीने ग्राहकांशी स्वतः संपर्क साधण्याचे जाहीर केले.

महाराष्ट्रात पिकअप म्हणजे टोमॅटो, कांदा, दूध, विटा वाहणारे कमाईचे साधन. ते अनेकदा दोन-तीन हात बदलते. पहिल्या मालकाच्या मोबाइलवर गेलेला रिकॉलचा निरोप तिसऱ्या मालकापर्यंत पोचेलच याची खात्री कोण देणार? आणि बुलेटिन तर आपल्याकडे कंपनी आणि डीलर यांच्यातच राहतात, ती लोकांसमोर ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर नाही. अमेरिकेने २०१२मध्ये कायद्यात लिहिलेली ती एक अट आपल्या नियमांत यायला हवी. तोवर सेकंडहँड पिकअप घेणाऱ्याने अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन चासी नंबर द्यावा, त्यावर रिकॉलचे काम बाकी आहे का ते स्पष्ट विचारावे, नोंदीत आपला मोबाइल क्रमांक टाकून घ्यावा आणि मिळालेले उत्तर जॉब कार्डवर लिहून मागावे.